सत्तूर लागण्यापूर्वीचे हाड

मोठ्या कुत्र्याला कच्चे हाड द्यावे की देऊ नये, हा प्रश्न बहुधा प्राण्याच्या नावाने विचारला जातो. कोंबडीचे चालेल का, बोकडाचे चालेल का, म्हशीचे चालेल का, अशा रूपात तो येतो आणि त्याच रूपात त्याची उत्तरे दिली जातात. मालक परगावी असताना कुत्री सांभाळणाऱ्या किंवा मोठ्या जातींची पैदास करणाऱ्या श्वानगृहांत, म्हणजे ज्यांना बोलीत केनेल म्हणतात अशा ठिकाणी, वर्षानुवर्षे कुत्र्यांना हाडे घालणाऱ्यांचा अनुभव मात्र या प्रश्नाची दिशा बदलायला लावतो. बोकडाची मान अख्खी पुढे ठेवली तर पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड ती पंजांत धरून मागच्या दाढांनी बराच वेळ कुरतडत राहतो, आणि तीच मान दुकानात सत्तुराने तोडून आणली तर तोच कुत्रा त्यातले काही तुकडे दाताला न लावता गिळून टाकतो. जनावर तेच, अवयव तोच आणि कुत्राही तोच असताना एक खाणे निर्धोक ठरते व दुसरे घशाशी येते, याचा अर्थ सुरक्षितता ही हाडाच्या अंगी नसते. हाड कोणत्या आकारात तोडले गेले, ते किती वयाच्या जनावराचे आहे आणि समोरचा कुत्रा ते कसा खातो, यांच्या मेळावर ती अवलंबून असते. महाराष्ट्रातील मटणाच्या दुकानांची कापणीची रीत पाहता या तिन्हींपैकी पहिल्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात तिथेच होते.

या विषयावर पशुवैद्यकांचे एकमत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून कच्च्या मांसल हाडांच्या आहाराचा पुरस्कार केला, आणि त्याच देशात व्यवसाय करणारे टॉम लॉन्सडेल यांनी २००१ मध्ये तोच विचार अधिक आग्रहाने मांडला. उलट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये, हाडे कुत्र्यांसाठी असुरक्षितच समजावीत, असा इशारा ग्राहकांना दिला, आणि तेथील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिज अन्न देण्यास विरोध करणारे धोरण स्वीकारले. दोन्ही बाजूंना आपापला अनुभव आहे. पहिल्या बाजूच्या लोकांनी हाडे चघळणाऱ्या कुत्र्यांचे स्वच्छ दात पाहिलेले असतात, तर दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेत रुतलेला तुकडा दुर्बिणीने काढताना त्या कुत्र्याची झालेली दशा पाहिलेली असते. संतुलित आहारावर कुत्रा हाडाशिवाय पूर्ण आयुष्य निरोगी जगू शकतो, म्हणून हाड देणे ही त्याची गरज ठरत नाही; तो मालकाचा निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारीही मालकाचीच राहते.

निवडीचा विचार करण्यापूर्वी हाडाची घडण समजून घेणे आवश्यक आहे. हाडातील पाणी वगळले तर उरलेल्या भागात साधारण दोन तृतीयांश वाटा कॅल्शिअम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांचा असतो, आणि बाकीचा मुख्यतः कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा. क्षारांमुळे हाडाला कठीणपणा येतो, तर कोलॅजेनमुळे लवचीकपणा. कच्चे हाड दाबाखाली थोडे वाकते, चिरडले जाते आणि त्याचा भुगा होतो, कारण कोलॅजेनचे धागे त्याला धरून ठेवतात. हाड शिजले, भाजले किंवा उन्हात वाळले की हे धागे आपले काम सोडतात, पाणी निघून जाते आणि उरते ते ठिसूळ, अणकुचीदार चिरफळ्यांत फुटणारे हाड. महाराष्ट्रातील मांसाहारी घरांत रविवारच्या रश्श्यातून ताटात उरलेली हाडे कुत्र्याला घालण्याची सवय जुनी आहे, आणि ती देताना आपण त्याला निसर्गाने नेमून दिलेलेच अन्न देत आहोत अशी प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात त्या हाडांत शिजण्याने आलेला ठिसूळपणा असतोच, शिवाय त्यांना लागलेल्या वाटणात कांदा आणि लसूण असतात, ज्यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. ‘मी कच्चे देत नाही, शिजवूनच देतो’ हे वाक्य मालक अभिमानाने सांगतात तेव्हा त्यांची ही समजूत हळुवारपणे परंतु निःसंदिग्धपणे दूर करणे, हे केनेलमधील माणसाचे पहिले काम ठरते.

हाडाचा दुसरा धोका दातांना असतो. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात आणि त्यांपैकी वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ व खालच्या जबड्यातील पहिली दाढ या दोन्ही बाजूंच्या जोड्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात. त्यांना कातरदाढा म्हणतात. कुत्रा कठीण वस्तू फोडताना ती नेमकी याच दाढांखाली आणतो, आणि वस्तू दाताहून चिवट ठरली तर वरच्या कातरदाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटून निघतो, कित्येकदा आतील मज्जातंतूंचा गाभा उघडा पडेपर्यंत. अशी दाढ दुखत असूनही कुत्रा खात राहतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. डोळ्याखाली गळू आल्यावर शोध सुरू होतो. दंतोपचार करणारे पशुवैद्यक यावर एक साधी कसोटी सांगतात, ती अशी की ज्या वस्तूवर अंगठ्याचे नख दाबले असता थोडीही खूण उमटत नाही, ती कुत्र्याला चघळायला देऊ नये. या कसोटीला मोठ्या जनावरांच्या पायांची लांब हाडे उतरत नाहीत, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: शेकडो किलोंचे वजन आयुष्यभर पेलण्यासाठी घडलेल्या हाडाची भिंत जाड आणि भरीव असते. जे हाड जिवंतपणी भार वाहत होते ते टाळावे आणि जे भार वाहत नव्हते ते निवडावे, हा ढोबळ नियम म्हणूनच उपयोगी पडतो. मान, बरगड्या, छाती, शेपूट आणि खांद्याचे पसरट पातळ हाड हे त्यातले घेण्याजोगे भाग.

कच्च्या आहाराविषयी लिहिणारे परदेशी लेखक गोमांसाच्या सांध्याकडील हाडांची शिफारस सरसकट करतात, आणि मराठी श्वानपालक ती जशीच्या तशी उचलतात, तेव्हा एक महत्त्वाचा फरक नजरेआड होतो. तिकडे मांसासाठी वाढवलेली गुरे बहुधा दोन वर्षांच्या आसपास कापली जातात. महाराष्ट्रात गोहत्येवर आधीपासून बंदी होती, आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्यातील सुधारणेने बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे मोठ्या जनावराचे हाड म्हणजे येथे म्हशीचे किंवा रेड्याचे हाड. त्यांत दुधाला निकामी झालेल्या, अनेक वेते झालेल्या म्हशींचे प्रमाण मोठे असते. वयाबरोबर हाड अधिक कठीण आणि अधिक ठिसूळ होते, सांध्याकडची मऊ कूर्चा झिजते, आणि परदेशी पुस्तकातील ‘मोठे हाड’ व येथील खाटकाने पिशवीत टाकलेली म्हशीची नळी या दोन वेगळ्या वस्तू होऊन बसतात. गोव्यात बैलाचे मांस कायदेशीररीत्या मिळते, परंतु तेथेही जनावराचे वय विचारल्याशिवाय हाड घेण्यात शहाणपण नाही. म्हशीची मांड आणि नडगी यांची हाडे मोठ्या कुत्र्यांसाठीही वर्ज्य मानावीत, असे स्पष्ट मत येथे नोंदवणे योग्य ठरेल. ज्या केनेलमध्ये ती सर्रास दिली जातात तेथील पाच-सात वर्षांच्या कुत्र्यांच्या तोंडात डोकावले तर झिजलेले सुळे आणि तुटलेल्या दाढा दिसतात. म्हशीच्या बरगड्या किंवा शेपटीचा जाड भाग द्यायचा असेल तर तो मांसासकट द्यावा, आणि मांस संपून कुत्रा नुसत्या हाडावर दात घासू लागला की काढून घ्यावा.

मज्जेने भरलेली नळी आडवी कापून केलेल्या कड्या, ज्या मोठ्या शहरांत पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही विकल्या जातात, त्यांचा एक खास धोका आहे. मज्जा चाटण्याच्या नादात ती कडी खालच्या जबड्यावर चढते, सुळ्यांच्या मागे जाऊन बसते आणि मग पुढे येत नाही. कुत्रा घाबरून पंजांनी तोंड ओरबाडतो, जबडा सुजतो आणि बहुतेक वेळा गुंगी देऊन कडी कापावी लागते. शिवाय मज्जा ही जवळजवळ सगळी चरबी असते, आणि एकदम पोटात गेलेली चरबी संवेदनशील कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज आणू शकते.

या सर्व कारणांनी महाराष्ट्रातील मोठ्या कुत्र्यासाठी सर्वांत समंजस निवड बोकडाची ठरते, आणि येथेच कापणीचा प्रश्न उभा राहतो. मराठी मटण हे रश्श्यासाठी तोडलेले मटण आहे. ओंडक्यावर अंग ठेवून सत्तुराच्या घावांनी मांस व हाड एकत्र तोडायचे, प्रत्येक वाटीत एखादी नळी, एखादी चाप, थोडा सीना यावा असे मिसळायचे, ही खाटकाची कसबी रीत माणसाच्या ताटासाठी योग्यच आहे. परंतु सत्तूर हाड कापत नाही, तो ते फोडतो. करवतीने जशी सरळ धार मिळते तशी त्याने मिळत नाही, आणि प्रत्येक घावागणिक हाडाला तिरकस, टोकदार कडा येतात व बारीक कपचे उडतात. पाव किलो ‘कुत्र्यासाठी’ म्हणून बांधून दिलेल्या पुडक्यात बहुधा याच कपच्यांचा भरणा असतो, कारण गिऱ्हाइकाने नाकारलेले, ओंडक्याच्या कडेला साठलेले तुकडे त्यात जातात. लॅब्रेडोरसारख्या हावरट कुत्र्याच्या दृष्टीने अंगठ्याएवढा तुकडा हा चावण्याचा पदार्थच नसतो. म्हणजे कमी दरात मिळणारे आणि सहज मिळणारे हाड हेच सर्वांत वाईट हाड असते, आणि चांगले हाड मिळवायचे तर सत्तूर लागण्यापूर्वी दुकानात पोहोचावे लागते.

केनेल चालवणाऱ्यांची खाटकाशी बांधलेली ओळख ही म्हणून त्यांच्या कामातील मोठी ठेव असते. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर खाटीक मान धडापासून अख्खी उतरवून बाजूला ठेवतो, एका बाजूच्या बरगड्या छातीच्या हाडासह सलग ठेवतो, आणि तोडायची वेळ आलीच तर सांध्यात सुरी घालून वेगळे करतो, ज्यामुळे हाडाला घाव लागत नाही. ‘मामा, मान अख्खी राहू द्या, घाव घालू नका’ एवढेच सांगणे पुरते, मात्र ते योग्य वारी सांगावे लागते. रविवारी सकाळी दुकानापुढे रांग लागलेली असताना किंवा आखाडात, श्रावणापूर्वीच्या त्या शेवटच्या आठवड्यांत, कोणालाही अशी विशेष सेवा मिळत नाही आणि मागणेही बरे नव्हे. सोमवार, गुरुवार, शनिवार हे अनेक घरांत न खाण्याचे वार असल्याने दुकानात निवांतपणा असतो, परंतु त्या दिवशी आदल्या दिवसाचे मांस तर पुढे येत नाही ना, हे पाहावे लागते. श्रावणात खप घसरतो तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. बकरी ईदच्या सुमारास मात्र मुस्लिम शेजारी आणि मित्र ताजी, मोठ्या आकाराची हाडे आपुलकीने पाठवतात. कुर्बानीचा बोकड प्रथेने वर्षावरचा, दोन दाती झालेला असतो, म्हणजे दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे आलेले असतात, आणि त्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा अजून शिल्लक असल्याने ती हाडे बेताच्या कठीणपणाची असतात. त्या दिवसांत मोह आवरावा लागतो तो प्रमाणाचा.

बोकडाच्या अंगातील सर्व भागही सारखे नाहीत. मध्यम बोकडाची मान पाऊण किलोच्या आसपास भरते. तिच्यातील मणके स्नायू व कंडरा यांनी एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे कुत्र्याला ती फाडावी, ओढावी, चिरडावी लागते, आणि गिळण्याइतका सुटा तुकडा हाती लागेपर्यंत तो चावून मऊ झालेला असतो. तीस ते चाळीस किलोच्या कुत्र्यासाठी याहून चांगला भाग सुचवणे कठीण आहे. सलग बरगड्यांचा पट्टाही उत्तम, कारण त्या पातळ, वाकणाऱ्या आणि मांसाने जोडलेल्या असतात. सुट्या केलेल्या एकेकट्या बरगड्या मात्र आडव्या अडकण्याची भीती असते. बोकडाची नळी म्हशीच्या नळीइतकी कठीण नसली तरी तिचा आकार मोठ्या कुत्र्याला गिळण्याचा मोह पाडणारा असतो, म्हणून ती टाळलेली बरी. पाय आणि मुंडी येथे केस जाळण्यासाठी आचेवर भाजून विकण्याची पद्धत आहे; अशा पायांची बारीक हाडे कच्ची राहिली की भाजली गेली हे बाहेरून कळत नाही, आणि खुराचे कवच तर पचतच नाही, म्हणून स्वस्त असूनही ते या यादीत बसत नाहीत. हाडाचा आकार ठरवताना ते कुत्र्याच्या थोबाडाच्या लांबीहून मोठे असावे, हे माप पुरेसे होते. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड यांच्यासाठी म्हणूनच बोकडाची एक मानही अपुरी ठरू शकते, आणि तेथे छातीसह अर्ध्या बाजूच्या बरगड्या द्याव्या लागतात.

कोंबडीचा विचार निराळा करावा लागतो. ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येते आणि तिची हाडे पुरती भरलेली नसतात, त्यामुळे ती कच्ची असताना सहज चिरडतात. अंडी देऊन निवृत्त झालेल्या किंवा गावठी कोंबडीची हाडे मात्र जून आणि चिरफळणारी असतात. मोठ्या कुत्र्याला कोंबडीची मान किंवा पंजा देणे म्हणजे त्याला गिळायला शिकवणे होय. त्याऐवजी बोनलेस मांस काढून घेतल्यावर उरणारा अख्खा सांगाडा, जो दुकानदार अल्प किमतीत देतो, तो आकाराने व चावण्याच्या दृष्टीने पुष्कळ बरा. मात्र त्यात मांस थोडे आणि हाड फार असते, आणि कच्च्या कोंबडीबरोबर कॅम्पिलोबॅक्टर व साल्मोनेला हे जंतू घरात येतात. मेलबर्न विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या पायांतील शक्ती अचानक जाण्याच्या एका मज्जातंतुविकाराचा कच्च्या कोंबडीशी असलेला संबंध दाखवून दिला आहे, आणि तेव्हापासून अनेक जाणत्या पालकांनी कोंबडी शिजवून, हाडाविना देण्याचा मार्ग पत्करला आहे.

डुकराचे कच्चे हाड देऊच नये. त्यातून पसरणारा ऑजेस्की नावाचा विषाणूजन्य रोग कुत्र्याला झाला तर तो जवळजवळ हमखास प्राणघातक ठरतो. बोकडाच्या किंवा म्हशीच्या बाबतीत हाडापेक्षा त्याला चिकटून येणाऱ्या अवयवांची चिंता अधिक असते. फोपसा व कलेजी यांत पाण्याने भरलेले फुगे दिसले तर ते बहुधा एकायनोकॉकस या फीतकृमीचे असतात. असा अवयव कच्चा खाल्लेला कुत्रा स्वतः ठणठणीत राहतो, परंतु त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी घरात पसरतात आणि माणसाच्या यकृतात तसेच फुगे वाढतात. मान निवडताना गळ्याचा पुढचा भाग, म्हणजे श्वासनलिकेला चिकटलेली थायरॉइड ग्रंथी, काढून टाकायला सांगावे, कारण ती वारंवार खाल्ल्याने कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचे संप्रेरक वाढल्याच्या नोंदी जर्मनीतील पशुवैद्यकांनी केल्या आहेत. आपोआप मेलेल्या जनावराचे हाड कितीही ताजे वाटले तरी घेऊ नये, कारण काळपुळीसारख्या रोगांचे बीज त्यात असू शकते. डीप फ्रीझरमध्ये कित्येक दिवस ठेवल्याने परजीवींच्या अनेक अवस्था मरतात, जीवाणू मात्र मरत नाहीत, केवळ थांबतात. त्यामुळे हाड फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळवावे, ओट्यावर नव्हे. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून दगडासारखे गोठलेले हाड थेट देण्याची जी रीत पडली आहे तीही सोडावी, कारण गोठलेले मऊ हाडसुद्धा दाताशी कठीण हाडासारखे वागते. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती घटलेले माणूस असेल तर कच्चे हाड घरात न आणणेच इष्ट.

आता कुत्र्याकडे वळले पाहिजे, कारण योग्य हाडही चुकीच्या कुत्र्यापुढे अयोग्य ठरते. काही कुत्री स्वभावतः चघळणारी असतात; ती आडवी पडतात, हाड पंजांत उभे धरतात आणि घाई करत नाहीत. काही गिळणारी असतात, आणि अशा कुत्र्यांत लॅब्रेडोर व रॉटवायलर अधिक आढळतात, जरी एकाच आईची दोन पिल्ले याबाबत अगदी वेगळी निघू शकतात. अनेक कुत्री एकत्र वाढलेल्या ठिकाणी, जेथे मागे राहणाऱ्याला मिळत नसे, तेथून आलेला कुत्रा जवळजवळ नेहमीच गिळणारा असतो, आणि केनेलमध्ये नव्याने आलेल्या कुत्र्याला पहिल्या काही दिवसांत हाड न देण्यामागे हेच कारण असते. गिळणाऱ्याला शिकवता येते. पोट अर्धे भरलेले असताना त्याला मानेचा लांब भाग द्यायचा आणि एक टोक हातात घट्ट धरून ठेवायचे, म्हणजे दुसरे टोक चावल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही; मात्र अन्नावरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याबाबत हा प्रयोग घरच्या माणसाने करू नये. प्रत्येक कुत्र्याला हाड वेगळ्या बंद जागेत, लहान मुलांपासून दूर द्यावे, कारण एरवी एका ताटात जेवणारी दोन कुत्रीही हाडावरून रक्तबंबाळ होतात. हाड परत घ्यायचे असेल तेव्हा हिसकावून घेण्याऐवजी मांसाचा चांगला तुकडा पुढे करून अदलाबदल करावी. हिसकावल्याने कुत्रा एवढेच शिकतो की माणूस जवळ आला की लवकर गिळले पाहिजे, आणि तेच तर टाळायचे असते.

दातांच्या स्वच्छतेचा जो लाभ सांगितला जातो तो काल्पनिक नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ बीगल कुत्र्यांना कच्ची गुरांची हाडे चघळायला दिली असता तीन आठवड्यांच्या आत दातांवरील कीटण बऱ्याच प्रमाणात घटलेले आढळले, आणि सांध्याकडच्या जाळीदार, मऊ हाडाने भरीव हाडाहून अधिक चांगले काम केले. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे: दात साफ होण्यासाठी कठीण हाड लागते ही समजूत त्याने खोडून निघते.

मोठ्या जातीच्या पिल्लांना हाड देण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शिअम कमी पडते, कारण मांसात फॉस्फरस कॅल्शिअमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि ती तूट भरण्यासाठी शरीर हाडांतूनच कॅल्शिअम खेचते. पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडते. हे पाहिलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि वाढत्या ग्रेट डेनला किंवा मास्टिफला रोज हाडे, शिवाय कॅल्शिअमचे औषध देऊ लागतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांनी दाखवले की कोवळ्या वयातील पिल्लू जादा कॅल्शिअम आतड्यातच अडवू शकत नाही. ते शरीरात शिरते आणि सांध्यांतील कूर्चेच्या वाढीत बिघाड करते, ज्याने पिल्लू आयुष्यभर लंगडते. महाराष्ट्रात मोठ्या जातीचे पिल्लू ‘मजबूत’ व्हावे या प्रेमापोटी हा अपाय सर्रास केला जातो, आणि करणाऱ्याला त्याची जाणीवही नसते, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. सहा-सात महिन्यांपर्यंत, म्हणजे दुधाचे २८ दात पडून कायमचे येईपर्यंत, अशा पिल्लाला वाढीसाठी तयार केलेला संतुलित आहार द्यावा आणि चघळण्यासाठी हाडाऐवजी रबराचे खेळणे वापरावे.

हाड चालू असताना कोणीतरी समोर असणे अनिवार्य आहे, आणि ‘समोर’ याचा अर्थ त्याच खोलीत, मोबाइल बाजूला ठेवून. तुकडा अन्ननलिकेत अडकला की कुत्रा वारंवार गिळल्यासारखे करतो, लाळ गळते, मान पुढे ताणतो, अस्वस्थपणे फिरतो आणि खाल्लेले न पचलेल्या अवस्थेत परत बाहेर येते. अशा वेळी केळे किंवा भाताचा गोळा भरवून तुकडा खाली ढकलण्याचा घरगुती उपाय सर्वत्र प्रचलित आहे. तो अडकलेल्या टोकाला आणखी रुतवतो आणि दुर्बिणीने पाहणाऱ्या डॉक्टरांपुढे अन्नाचा थर उभा करतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे त्याहून घातक, कारण टोकदार तुकडा वर येतानाही तितकाच फाडतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असल्याने हाड खाल्ल्यावर तास-दोन तास धावणे, उड्या मारणे बंद ठेवावे. अर्ध्या तासानंतर उरलेले हाड काढून टाकावे. मार्च ते मे या काळात ते त्याहूनही आधी उचलावे, कारण माश्या आणि उष्णता दोन्ही वाट पाहत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सापडलेले वाळलेले हाड हे कच्चे उरत नाही.

प्रमाण किती असावे याचा सर्वांत खरा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या शौचावरून होतो. आठवड्यातून एक-दोनदा दिलेली मान बहुतेक प्रौढ मोठ्या कुत्र्यांना मानवते, आणि रोजच्या अन्नात हाडाचा वाटा एक दशांशाच्या वर जाऊ नये असा संकेत कच्चा आहार देणारेच पाळतात. शौच पांढरट, कोरडे आणि हाताने चुरता येईल असे झाले तर हाड जास्त झाले. कुत्रा कुंथत असेल आणि काहीच होत नसेल तर आतड्यात हाडाच्या भुग्याचा गोळा बसलेला असू शकतो. अशा कुत्र्याला एरंडेल किंवा माणसांचे रेचक न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे, आणि जाताना उरलेल्या हाडाचा तुकडा सोबत घ्यावा, कारण क्ष-किरण चित्रात दिसणारी सावली कोणत्या जनावराच्या कोणत्या भागाची आणि किती मोठी, हे तो तुकडा हातात असला की डॉक्टरांना लगेच ताडता येते.